बेलफास्ट शहरांतील प्रार्थना-फेऱ्या आणि मिरवणुकींच्या मार्गाचा वाद

(१) विषयाचें प्रयोजन

मिरवणूक कोणत्या रस्त्यानें न्यावी, कोणाच्या दारावरून न्यावी, आणि तेथून जातांना वाद्यें वाजवावीं कीं थांबवावीं, हे प्रश्न आमच्या वाचकांस नवे नाहींत. पालखीचा मान, वरातीचा मार्ग, छत्रचामरांचा अधिकार यांवरून माजलेले कज्जे आपल्याकडील दप्तरांत जागोजाग आढळतात. अशा कज्ज्यांत 'पूर्वापार वहिवाट' हा एकच शब्द वादी व प्रतिवादी अशा दोघांच्याहि तोंडीं असतो, आणि तो खरा कोणाच्या बाजूचा हें ठरविण्याचें काम पुढें संशोधकावर येऊन पडतें.

प्रस्तुत लेखांत याच जातीच्या एका दूरदेशींच्या वादाचा विचार करावयाचा आहे. उत्तर आयर्लंडमधील बेलफास्ट शहर रोमन कॅथॉलिक व प्रॉटेस्टंट अशा दोन समाजांत विभागलेलें आहे. तेथें मिरवणूक हा शतकानुशतकें भांडणाचा विषय झालेला आहे. अशा शहरांत पेंटेकोस्टल व तत्सम ख्रिस्ती मंडळ्यांनीं प्रार्थना करीत रस्त्यानें चालण्याचा प्रघात विसाव्या शतकाच्या अखेरीस घेतला. या लहान फेऱ्यांस झेंडा नसतो, वाद्य नसतें, पुष्कळदां घोषणाहि नसते. यांतून दोन प्रश्न उत्पन्न होतात. जी फेरी कांहींच मिरवीत नाहीं, ती पलीकडच्या शेजाऱ्यास कशी दिसते? आणि जी मागें कांहींच ठेवीत नाहीं, तिचा इतिहास पुढें कशावरून लिहावयाचा? दुसरा प्रश्न कागदपत्रें जमविणाऱ्यांच्या विशेष जिव्हाळ्याचा आहे.

(२) शहराची ठेवण

बेलफास्टला सन १६१३ मध्यें इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याची सनद मिळाली. त्याच्या थोडें अगोदर, सन १६०९ पासून, अल्स्टर प्रांतांत स्कॉटलंड व इंग्लंड येथील प्रॉटेस्टंट लोकांची पद्धतशीर वसाहत सुरू झाली होती. एकोणिसाव्या शतकांत लिननच्या गिरण्या व जहाजबांधणी यांमुळें शहर झपाट्यानें वाढलें, आणि सन १८८८ मध्यें त्यास नगराचा दर्जा मिळाला. कामाच्या शोधांत खेड्यांतून आलेले कॅथॉलिक व प्रॉटेस्टंट लोक आपापल्या जातभाईंच्या आश्रयानें राहिले. फॉल्स रस्ता कॅथॉलिकांचा व जवळून जाणारा शँकिल रस्ता प्रॉटेस्टंटांचा, ही वांटणी त्यांतूनच झाली.

सन १९६९ च्या ऑगस्टमध्यें मोठी दंगल होऊन घरेंदारें जळालीं. सप्टेंबरांत ब्रिटिश लष्करानें फॉल्स व शँकिल यांच्यामध्यें तारा व पत्रे यांचा तात्पुरता अडसर उभा केला. तो तात्पुरता अडसर पुढें विटांची व पोलादाची कायमची भिंत बनला, आणि तशा अनेक भिंती शहरांत उभ्या राहिल्या. त्यांस 'शांतिभिंती' असें नांव आहे. कांहींना दरवाजे असून ते रात्रीं बंद करतात. सन १९९८ च्या एप्रिलमध्यें झालेल्या तहानें, सुमारें साडेतीन हजार माणसांचे बळी घेणारा तीस वर्षांचा झगडा मिटला. परंतु भिंती राहिल्या. सन २०१३ मध्यें तेथील सरकारनें त्या सर्व सन २०२३ पर्यंत काढण्याचा संकल्प जाहीर केला होता. तो पुरा झाला नाहीं. सन २०२१ च्या खानेसुमारींत उत्तर आयर्लंडमध्यें कॅथॉलिक धर्माचे अथवा त्या धर्मांत वाढलेले शेंकडा ४५.७ आणि प्रॉटेस्टंट व इतर ख्रिस्ती परंपरेचे शेंकडा ४३.५ असे लोक आढळले. कोणताहि पक्ष निर्विवाद बहुसंख्य राहिला नाहीं.

(३) रस्त्यावरील उपासनेची पूर्वपीठिका

प्रार्थना-फेरी ही अगदीं नवी व परकी चाल असून जुन्या मिरवणुकींशीं तिचा संबंध नाहीं, असें समजणें बरोबर होणार नाहीं. बेलफास्टच्या रस्त्यानें उपासना व पक्षाभिमान हे दोन्ही पुष्कळ काळ बरोबरीनें चालत आलेले आहेत.

प्रॉटेस्टंटांची ऑरेंज संस्था सन १७९५ मध्यें स्थापन झाली. सन १६९० मधील बॉइन नदीवरील विजयाच्या स्मरणार्थ ती दर १२ जुलैस मिरवणुका काढते. त्यांतून होणाऱ्या मारामाऱ्यांमुळें ब्रिटिश पार्लमेंटनें सन १८३२ मध्यें पक्षीय मिरवणुकींस बंदी करणारा कायदा केला. त्याची मुदत संपल्यावर, सन १८४९ मध्यें डॉलीज ब्रे येथें रक्तपात झाला, म्हणून सन १८५० मध्यें पुन्हां तसाच कायदा झाला. विल्यम जॉन्स्टन या जमीनदारानें तो मुद्दाम मोडून सन १८६८ मध्यें कारावास पत्करला व त्यामुळें तो लोकप्रिय झाला. सन १८७२ मध्यें कायदा रद्द झाला. त्याच वर्षीं १५ ऑगस्टला, म्हणजे मरियेच्या सणाच्या दिवशीं, कॅथॉलिकांची मोठी मिरवणूक निघाली व तिच्यावरून शहरांत कित्येक दिवस दंगल चालली. मुभा सर्वांस मिळाली, परंतु रस्ता मात्र एकच होता.

आमच्या विषयाच्या दृष्टीनें सन १८५७ ची हकीकत यापेक्षां महत्त्वाची आहे. त्या वर्षींच्या जुलैंत सँडी रो व पाउंड या दोन वस्त्यांमध्यें दंगल होऊन गेली होती. उन्हाळ्यांत कस्टम हाउसच्या पायऱ्यांवर प्रॉटेस्टंट उपदेशक उघड्यावर प्रवचनें करीत असत. वातावरण तापलेलें पाहून अँग्लिकन मंडळीच्या उपदेशकांनीं हा क्रम थांबविला. परंतु ह्यू हॅना नांवाच्या प्रेस्बिटेरियन पाळकानें, रस्त्यावर ईश्वराचें वचन सांगण्याचा हक्क सोडावयाचा नाहीं, असें ठरवून ६ सप्टेंबर रोजीं प्रवचन केलें, आणि पुन्हां दंगल उसळली. सरकारनें चौकशी-आयोग नेमला. त्याच्या अहवालाबरोबर साक्षीदारांच्या जबान्या छापलेल्या आहेत. एकाच प्रवचनास एक साक्षीदार 'उपासना' म्हणतो व दुसरा 'चिथावणी' म्हणतो. दोघेहि खोटें बोलत होते असें मानण्याचें कारण नाहीं. ते रस्त्याच्या दोन बाजूंस उभे होते, इतकेंच.

दोनच वर्षांनीं, सन १८५९ मध्यें, याच प्रांतांत धर्मजागृतीची मोठी लाट उठली. २९ जून रोजीं बेलफास्टच्या वनस्पति-उद्यानांत झालेल्या प्रार्थनासभेस पस्तीस ते चाळीस हजार लोक जमले होते असें तत्कालीन अंदाज सांगतात. त्या वर्षींचा १२ जुलैचा दिवस नेहमींपेक्षां शांततेनें गेला, असें त्या चळवळीचे पुरस्कर्ते आग्रहानें लिहितात. हा पुरावा हितसंबंधी पक्षाचा आहे हें विसरूं नये. तथापि पुढील काळांतील प्रार्थना-फेऱ्यांस जो विश्वास प्रेरणा देतो, कीं सार्वजनिक प्रार्थनेनें शहराचा स्वभाव बदलतो, त्याचें मूळ या आठवणींत आहे.

(४) पेंटेकोस्टल पंथ आणि केडगांव

वल्हांडण सणानंतरच्या पन्नासाव्या दिवशीं येशूच्या शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला, अशी बायबलांत कथा आहे. त्या दिवसाच्या ग्रीक नांवावरून 'पेंटेकोस्टल' हा शब्द आला. तोच अनुभव आजहि येतो, आणि अन्य भाषांत बोलणें, रोग बरे करणें इत्यादि दानें आजहि मिळतात, असा या पंथाचा विश्वास आहे. त्याच्या उगमाचें वर्णन करतांना अमेरिकेंतील लॉस एंजेलिस शहरीं आझुसा रस्त्यावर सन १९०६ च्या एप्रिलपासून भरलेल्या सभांचा उल्लेख बहुधा प्रथम होतो.

परंतु त्याच्या आधीं, सन १९०५ मध्यें, पुणें जिल्ह्यांतील केडगांव येथें पंडिता रमाबाईंच्या मुक्तिसदनांत अशाच प्रकारची जागृति झाली होती. वेल्स प्रांतांत सन १९०४ मध्यें उठलेल्या लाटेच्या बातम्या तेथें पोंचल्या होत्या. सदनांतील मुलींच्या प्रार्थना-टोळ्या आसपासच्या गांवीं जाऊं लागल्या. तेथील कार्यकर्त्या मिनी एब्रम्स यांनीं या अनुभवावर एक पुस्तिका सन १९०६ मध्यें लिहिली. ती दक्षिण अमेरिकेंतील चिली देशांत एका जुन्या मैत्रिणीस पाठविली गेली, आणि तिच्या वाचनांतून तेथील पेंटेकोस्टल चळवळीस सन १९०९ मध्यें चालना मिळाली. बेलफास्टची फेरी केडगांवाहून निघाली असें म्हणण्याचा येथें हेतु नाहीं. तसा पुरावा नाहीं. एकाच वेल्श जागृतीच्या पाण्यानें केडगांव व बेलफास्ट हे दोन्ही वाफे भिजले, इतकें मात्र खात्रीनें म्हणतां येतें. कारण आयर्लंडमध्यें हा पंथ रुजविणारा जॉर्ज जेफ्रीज हा वेल्समधलाच होता. त्यानें सन १९१५ च्या जानेवारींत मोनॅगन गांवीं 'एलिम' या संस्थेची स्थापना केली, आणि लवकरच बेलफास्टच्या हंटर स्ट्रीट येथें तिची मंडळी उभी राहिली. सन १९२१ मध्यें देशाची फाळणी झाली तेव्हां मोनॅगन सीमेच्या दक्षिणेस व बेलफास्ट उत्तरेस गेलें.

पेंटेकोस्टल मंडळ्या प्रॉटेस्टंट समाजांतूनच निघाल्या, म्हणून कॅथॉलिक वस्तींत त्या 'पलीकडच्या' मानल्या जात. सन १९६७ नंतर कॅथॉलिकांतहि पवित्र आत्म्याच्या दानांचा पुरस्कार करणारी चळवळ निघाली, आणि त्यामुळें दोन्हीकडच्या कांहीं लोकांस एकत्र प्रार्थना करण्याची वाट मिळाली. सेसिल कर या अँग्लिकन पाळकानें सन १९७४ मध्यें रॉस्ट्रेव्हर येथें काढलेलें केंद्र हें याचें ठळक उदाहरण होय.

(५) प्रार्थना-फेरीचें स्वरूप

ही चाल दोन प्रकारची आहे, आणि दोहोंत घोटाळा होऊं देऊं नये.

पहिला प्रकार मोठ्या मोर्च्याचा. सन १९८७ च्या मे महिन्यांत लंडन शहरांत सुमारें पंधरा हजार लोक पावसांत गात व प्रार्थना करीत चालले. गीतकार ग्रॅहम केंड्रिक, रॉजर फॉर्स्टर, जेरल्ड कोट्स व लिन ग्रीन हे त्याचे पुढारी होते. यांतूनच 'येशूसाठीं मोर्चा' ही चळवळ वाढली. सन १९९४ च्या जूनमध्यें तिचा पहिला जागतिक दिवस झाला, व सन २००० मध्यें जागतिक स्वरूपाचा तो उपक्रम त्याच्या चालकांनीं समाप्त केला. ब्राझिलांत मात्र तो अजून मोठ्या प्रमाणावर चालतो.

दुसरा प्रकार खरी प्रार्थना-फेरी. तिचें वर्णन स्टीव्ह हॉथॉर्न व केंड्रिक यांच्या सन १९९३ च्या पुस्तकांत पद्धतशीर केलेलें आहे. दोन-चार माणसें एकत्र निघतात. डोळे उघडे ठेवून, साध्या बोलण्याच्या स्वरांत, ज्या ठिकाणासाठीं प्रार्थना करावयाची त्या ठिकाणींच ती करतात. शाळेपुढें मुलांसाठीं, इस्पितळापुढें रोग्यांसाठीं, भिंतीच्या दरवाज्यापाशीं दोन्ही बाजूंच्या रहिवाशांसाठीं थांबतात व पुढें जातात. प्रेक्षक जमवावयाचे नाहींत, उपदेश करावयाचा नाहीं, हा तिचा सामान्य दंडक.

आपल्याकडील शब्दांनीं सांगावयाचें तर ही नगरप्रदक्षिणा नव्हे; कारण प्रदक्षिणेस मध्यें देवता लागते व ती उजव्या हातास ठेवावी लागते. ही दिंडीहि नव्हे. कारण दिंडीस पताका व टाळ असून तिला गांठावयाचें क्षेत्र असतें. प्रभातफेरीशीं तिचें बाह्य साम्य आहे. परंतु प्रभातफेरी निजलेल्यांस जागें करण्यासाठीं असते, आणि ही निजलेल्यांस न उठवितां त्यांच्यासाठीं मागणें मागण्यासाठीं असते.

कॅथॉलिक बाजूसहि याच वृत्तीचा एक उपक्रम झाला. क्लोनार्ड मठांतील फादर जेरी रेनल्ड्स यांनीं सन १९९० नंतरच्या दशकांत कॅथॉलिकांचा एक लहान गट रविवारीं प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या उपासनेस नेण्याचा क्रम सुरू केला. त्यांस 'ऐक्याचे यात्रेकरू' म्हणत. हे लोक पलीकडच्या वस्तीसाठीं केवळ रस्त्यांत प्रार्थना करून परतत नसत. पलीकडच्यांच्या दारांत जाऊन, त्यांच्या रीतीनें बसत. हा भेद पुढील विवेचनास उपयोगी आहे.

(६) यरीहोचा दृष्टांत आणि भूतकाळाचा शोध

प्रार्थना-फेरीस आधार म्हणून बायबलांतील दोन स्थळें मुख्यतः दाखवितात. एक, ही भूमि तुला दिली आहे, तिच्यांतून फिरून ये, या अर्थाची अब्राहामास झालेली आज्ञा. दुसरें, यहोशवानें यरीहो नगरास सहा दिवस एकेक व सातव्या दिवशीं सात फेरे घातले तेव्हां त्याचा तट कोसळला, ही कथा. भिंतींच्या शहरांत दुसरा दृष्टांत कोणासहि सहज सुचावा. परंतु तट पडल्यावर यरीहोचें काय झालें, हें पुढील ओळींत सांगितलेलें आहे: नगर जिंकलें गेलें व त्यांतील माणसांचा संहार झाला. म्हणून भिंत पडो अशी प्रार्थना करणाऱ्याच्या मनांत शेजार असला, तरी ऐकणाऱ्याच्या मनांत यरीहो असूं शकते. अब्राहामाच्या आज्ञेचीहि तीच गत. सतराव्या शतकांत ज्या प्रांतांत जमिनी एकाकडून काढून दुसऱ्यास दिल्या गेल्या, तेथें 'ही भूमि तुला दिली आहे' हें वचन निरुपद्रवी राहत नाहीं. या अडचणीची जाणीव खुद्द तेथील सुवार्तावादी प्रॉटेस्टंटांस झालेली होती. सन १९८८ मध्यें त्यांच्यापैकीं कांहींनीं प्रसिद्ध केलेल्या निवेदनांत, ईश्वरनिष्ठा व राजकीय निष्ठा यांची गल्लत करूं नये असा स्पष्ट इशारा आहे. बंदिवासांत पडलेल्या लोकांस त्या परक्या नगराचेंच कल्याण इच्छा असें सांगणारें यिर्मया संदेष्ट्याचें वचन अशा प्रसंगीं अधिक शोभतें, असें आम्हांस वाटतें.

याच चळवळींत सन १९९० च्या सुमारास जॉर्ज ओटिस यांनीं एक नवी कल्पना रूढ केली. तिला 'आध्यात्मिक नकाशा' म्हणावें. फेरीपूर्वीं त्या गांवाचा इतिहास धुंडाळावयाचा, जुने रक्तपात, अन्याय, मोडलेले करार यांचीं स्थळें नकाशावर मांडावयाचीं, आणि तेथें जाऊन पूर्वजांच्या वतीनें कबुली द्यावयाची. लिन ग्रीन यांनीं हीच दृष्टि मोठ्या प्रमाणावर वापरली. सन १९९६ मध्यें जर्मनींतील कोलोन येथून एक पदयात्रा निघाली व धर्मयुद्धांच्या वाटेनें, वाटेंतील मुसलमान, यहुदी व पौर्वात्य ख्रिस्ती लोकांची क्षमा मागत, १५ जुलै १९९९ रोजीं यरुशलेमेस पोंचली. बरोबर नऊशें वर्षांपूर्वीं त्याच दिवशीं धर्मयोद्ध्यांनीं तें नगर घेतलें होतें.

इतिहासाच्या अभ्यासकानें यास हंसण्याचें कारण नाहीं. पण तें डोळे मिटून स्वीकारूंहि नये. जुनें पाप शोधणारा ज्या बाजूनें निघतो, त्या बाजूचीं पापें त्यास उशीरां सांपडतात. केवळ दुसऱ्याच्या चुकांचा नकाशा काढला तर तो नकाशा न राहतां फिर्याद होतो. वरील पदयात्रेंत चालणारे स्वतःच्या परंपरेची चूक कबूल करीत गेले, म्हणून तिला मान मिळाला. बेलफास्टसारख्या स्थळीं याच कसोटीवर प्रत्येक फेरी घासून पाहिली पाहिजे.

(७) कायद्याची दृष्टि

सन १९९५ पासून पोर्टाडाउन गांवाजवळ ड्रमक्री येथील मिरवणुकीच्या मार्गावरून मोठे दंगे झाले. त्यानंतर सन १९९८ मध्यें सार्वजनिक मिरवणुकींचा कायदा होऊन त्यांच्या मार्गांविषयीं निर्णय देणाऱ्या आयोगास अधिकार मिळाले. मिरवणूक काढणारानें अठ्ठावीस दिवस अगोदर पोलिसांस लेखी सूचना द्यावी लागते. तींत मार्ग, वेळ, अदमासें संख्या व वाद्यपथकें यांची माहिती भरावी लागते. प्रेतयात्रा व साल्व्हेशन आर्मीच्या मिरवणुका यांस यांतून सूट आहे. आयोगानें विचारांत घ्यावयाच्या गोष्टी कायद्यांत मोजून दिल्या आहेत: दंग्याचा संभव, रहिवाशांच्या व्यवहारांतील अडथळा, समाजांतील संबंधांवरील परिणाम, आणि अखेरची, त्या मार्गानें मिरवणूक नेण्याची रूढ वहिवाट. आमच्या पंचायतींस व मजालशींस परिचित असलेलें तत्त्व विसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटिश कायद्यांत असें दाखल झालें. आयर्लंड व हिंदुस्थान यांचा या बाबतींतला संबंध जुना आहे. सिंध प्रांतांत सन १८४३ मध्यें नेपियरनें उभारलेलें पोलीसदल आयरिश नमुन्याचें होतें, आणि मिरवणुकींस परवाने देण्याचा व रस्त्यावरील वाद्यांचें नियमन करण्याचा अधिकार पोलिसांस सन १८६१ च्या हिंदी कायद्याच्या ३० व्या कलमानें मिळाला.

मिरवणूक होण्यास माणसें किती लागतात, हें मात्र सन १९९८ च्या कायद्यांत सांगितलेलें नाहीं. म्हणून शेंकडों लोकांचा मोर्चा दप्तरीं दाखल होतो, व चौघांची फेरी कोठेंच दाखल होत नाहीं.

(८) साधनांचा विचार

यावरून साधनांची स्थिति उघड होते. मोठ्या मिरवणुकींचा पुरावा विपुल आहे: आयोगाचे अहवाल, निर्णय, वृत्तपत्रें, पताका, छायाचित्रें. सन १९२२ च्या जूनअखेर डब्लिन येथील दप्तरखाना यादवी युद्धांत जळून आयर्लंडचे शेंकडों वर्षांचे कागद नष्ट झाले. पुढील वर्षींच उत्तर आयर्लंडनें बेलफास्टला स्वतंत्र दप्तरखाना स्थापन केला. नाशाच्या अनुभवानेंच जतनाची बुद्धि दिली, असें येथें झालें.

बेलफास्टचें लिनन हॉल ग्रंथालय सन १७८८ मध्यें स्थापन झालें. सन १९६८ मध्यें तेथील ग्रंथपालाच्या हातीं नागरी हक्कांच्या चळवळीचें एक पत्रक पडलें. तें त्यानें टाकून न देतां जपून ठेवलें, आणि पुढें सर्व पक्षांचीं पत्रकें, भित्तिपत्रें, वार्तापत्रें भेदभाव न करतां जमविण्याचा क्रम चालूं झाला. आज त्या संग्रहांत अडीच लाखांहून अधिक वस्तु आहेत, आणि त्या झगड्याचा इतिहास लिहिणारास तेथें गेल्यावांचून गत्यंतर नाहीं. ज्या कागदाची किंमत त्या दिवशीं कवडीचीहि नव्हती, तो आज अव्वल दर्जाचा पुरावा ठरला आहे.

प्रार्थना-फेऱ्यांचे कागद त्याहूनहि क्षणभंगुर. हातानें काढलेला मार्गाचा नकाशा, प्रार्थनेच्या विषयांची चिठ्ठी, मंडळीच्या साप्ताहिक पत्रकांतील दोन ओळी, फेरीहून परतल्यावर लिहिलेलें टांचण, इतकाच काय तो ऐवज. त्यांतहि चालणारांचाच पक्ष असतो. खिडकींतून पाहणाराचें म्हणणें कोणी टिपून ठेवीत नाहीं. वरील सन १८५७ च्या जबान्यांचें मोल यासाठींच आहे, कीं तेथें रस्त्याच्या दोन्ही बाजू कागदावर उतरल्या आहेत. आपल्याकडेहि 'मुक्ति प्रेअर बेल' या केडगांवच्या पत्राचे जुने अंक, मंडळ्यांचीं वृत्तें, पोलीस परवान्यांच्या नकला यांची गणना अद्याप साधनांत होत नाहीं. धर्मग्रंथाची पोथी कोणीहि जपतो. उत्सवाचें हस्तपत्रक व मार्गाचा परवाना रद्दींत जातो.

(९) निष्कर्ष

विवेचनाचा इत्यर्थ असा. प्रार्थना-फेरी ही ऑरेंज मिरवणुकीची प्रतिकृति नव्हे; झेंडा व ढोल तिनें बुद्ध्या टाकलेले आहेत. तथापि ज्या रस्त्यावर दोनशें वर्षें प्रत्येक पाऊल हक्काचें म्हणून मोजलें गेलें, तेथें निःशब्द पाऊलहि मोजलें जातें. तें हक्काचें कीं स्नेहाचें, हें चालणाराच्या हेतूवरून एकट्यानें ठरत नाहीं. तो कोणाच्या चुका कबूल करतो, कोणाच्या दारांत बसतो, आणि दुसऱ्यास त्याच रस्त्यानें येऊं देण्यास तयार आहे कीं नाहीं, यांवरून ठरतें. संशोधकाचें कर्तव्य यांतून निराळें निघत नाहीं. त्यानें चालणाराची चिठ्ठी जपावी, आणि खिडकींतल्या माणसाची जबानीहि मिळवावी. एक मिळून दुसरी न मिळाली, तर पुढील पिढीस कज्जाचा एकच कागद हातीं येईल; आणि एका कागदावर दिलेला निवाडा किती टिकतो, हें जुनीं दप्तरें चाळणाऱ्या वाचकांस सांगावयास नको.